चार पानांचं स्वगत

कर्जतला कोर्टाजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसेल तेव्हा काउंटरवर बसून मी एक नाटक लिहिलं. नर्सिंग शिकायला दूर निघालेली मुलगी आणि तिची आई, एवढीच गोष्ट. शेवटी निरोप देताना आई चार पानं बोलते. ती लिहिताना मी स्वतःच रडले होते, त्यामुळे ती उत्तमच असणार याची मला खात्री होती.

मागे ना संस्था, ना निर्माता. दर रविवारी सकाळी एका शाळेचा वर्ग मिळायचा. आईच्या कामाला एक अंगणवाडी सेविका आल्या, मुलीच्या कामाला कॉलेजातली एक मुलगी. वाचायचं, अडलं की बदलायचं, पुन्हा वाचायचं, अशी आमची कार्यशाळा. फक्त त्या चार पानांत सेविकाबाई दर वेळी दुसऱ्या पानावर अडकायच्या.

एका रविवारी शिळफाट्याचे शिंपीचाचा कपड्यांची मापं घ्यायला आले. गळ्यात टेप तशीच ठेवून मागच्या बाकावर बसले आणि शेवटचा प्रवेश पूर्ण ऐकला.

"कसं वाटलं, चाचा?" मी विचारलं.

ते म्हणाले, "ताई, ही आई एवढं बोलते, मग पोरीचा डबा कधी भरते?"

पुढं म्हणाले, "माझी मुलगी पुण्याला शिकायला निघाली, तेव्हा तिची अम्मी चकार शब्द बोलली नाही. नुसती डब्यात कोंबत होती."

दोन दिवस मी मनातल्या मनात चाचांशी भांडत होते. मापं घ्यायची सोडून यांना नाटकात बोलायला कुणी सांगितलं? तिसऱ्या दिवशी चारही पानांवर काट मारली आणि तिथं एवढंच लिहिलं: आई डबा भरते. सेविकाबाईंना सांगितलं, तर त्यांनी माझा हातच धरला. "सुटले बाई," म्हणाल्या.

प्रयोग खोपोलीत एका लग्नाच्या हॉलमध्ये झाला. शेवटच्या प्रवेशासाठी बाईंनी घरून खऱ्या भाकऱ्या, चटणी, लाडू आणले होते, आणि जरा जास्तच आणले होते. झाकण लागेना. त्या दाबतायत, झाकण उसळतंय. लोक हसायला लागले. मी विंगेतून बघत होते. मुलगीही पुढं येऊन दाबू लागली, तरी लागेना.

पहिल्या रांगेतून एक म्हातारी बाई म्हणाली, "रुमालात बांध गं," आणि तिनं स्वतःचा रुमाल पुढं केला.

सेविकाबाईंनी कडेला येऊन, वाकून तो घेतला आणि डबा बांधला. गाठ त्यांनी दोनदा सोडून पुन्हा मारली. तो अभिनय होता की खरंच, मी अजून विचारलेलं नाही. हसणारे लोक आता पुढं वाकून बघू लागले. मुलगी डबा घेऊन निघून गेली. मग टाळ्या सुरू झाल्या.

थोड्या वेळानं ती म्हातारी रुमाल न्यायला आत आली. कर्जतजवळच्या कोंडाणे गावाकडची होती.

"पोरगी परत येती का?" तिनं विचारलं.

"ते लिहिलेलं नाही, मावशी."

"मंग लिवा की. आमी येऊ बघायला."

मी हो म्हणून बसले. सेविकाबाईंनी तिला रुमालाबरोबर दोन लाडू दिले, आणि भाकऱ्या आम्ही सगळ्यांनी तिथंच उभ्याउभ्या संपवल्या.