ताऱ्याची तबकडी आणि अण्णांचा कॉलम

माझे वडील, अण्णा, चिकलठाण्याला दारूच्या कारखान्यात तीस वर्षं होते. स्वतः थेंबाला शिवले नाहीत. तरी आमच्या गावात, करमाडात, कुणी विचारलं की आई म्हणायची, "केमिकल कंपनीत हायेत." वर मला डोळे वटारून, "झाकली मूठ सव्वा लाखाची!" मीही शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर तेच लिहिलं. अण्णांच्या कपड्यांत स्पिरिटचा वास मुरलेला. कुणाच्याही दारात जायच्या आधी ते शर्टाची बाही हुंगून बघायचे, आणि मला न्यायला आले की शाळेच्या फाटकाबाहेरच थांबायचे. मला तेव्हा ते बरंच वाटायचं. आता त्याची लाज वाटते.

पुढं मी खगोलशास्त्रात शिरले. नव्या ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत असते, तिच्यातूनच ग्रह घडतात. तिच्यात कुठं कोणती रसायनं आहेत, ते मी शोधते. गेल्या वर्षी सुट्टीत आले तेव्हा वैतागले होते. माझं काम कुणाला समजावून सांगताच येत नव्हतं. "मला सांग की," अण्णा म्हणाले. ते तेव्हा निवृत्त झालेले. मी सांगितलं, ताऱ्याजवळ ताप, लांब गारठा. पाणी त्यातल्या त्यात जवळ गोठतं, कार्बन मोनॉक्साइड पार लांब गेल्यावर. तिथं धुळीच्या कणांवर त्याचंच मिथेनॉल बनतं.

"मग हा आमचा कॉलमच की!" अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. "स्पिरिट गाळायचा उंच टॉवर. खाली ताप, वर गार. पाणी खाली राहतं, स्पिरिट वर चढतं. जो तो आपापल्या पायरीवर. यात न कळायसारखं काय हाय?"

मी ज्याच्यापायी डोकं फोडत होते, ते या माणसानं रोज हातानं चालवलं होतं.

त्याच आठवड्यात माझ्या शाळेनं पटांगणात माझा सत्कार ठेवला. "कंपनीचं काय बोलू नको बरं," आईनं बजावलं. अण्णांनी आम्हाला सोडलं आणि फाटकाशीच थांबले.

"अण्णा, आत चला ना."

"नको, इथून दिसतंय की."

माझं डोकंच सटकलं. बोलायला उठले आणि पोरांना तबकडी सांगितली, कॉलम सांगितला. मग म्हणाले, "हे मला माझ्या वडिलांनी समजावलं. ते दारूच्या कारखान्यात होते. फॉर्मवर केमिकल कंपनी असं मी खोटंच लिहायचे."

आईनं पदर तोंडाला लावला. तेवढ्यात फाटकाकडून आवाज आला, "मिथेनॉल लई विषारी असतंय! पहिल्या धारेत तेच येतं, ती टाकून द्यायची, ते पण सांग पोरांना!"

पोरं खो खो हसली. मुख्याध्यापक उठून थेट फाटकापर्यंत गेले. "अहो, तिथून काय शिकवताय? आत या, खुर्ची हाय."

अण्णा निघाले. फाटकाशी क्षणभर थांबले, सवयीनं बाही नाकाला लावली, आणि आत आले.