ताटातलं नाव

गेल्या लग्नसराईत मी एक जुनी, गाजलेली परदेशी कादंबरी वाचत होते. तिच्यातल्या देशात बायकांची नावं काढून घेतात आणि ज्या पुरुषाच्या घरी ठेवलं त्याच्या नावाने त्यांना ओळखतात. या बायकांना वळण लावायचं काम दुसऱ्या बायकाच करतात. त्या दुसऱ्यांचा मला फार संताप यायचा. शाळेत मधल्या सुट्टीत मी बाकीच्या शिक्षिकांना तावातावाने सांगायचे. त्या डबे खात ऐकायच्या.

त्याच दिवसांत शहापूरला आमच्या घरी पुतण्याचं लग्न निघालं. मुलगी नाकाडोंगरीची, नर्सिंग झालेली. आमच्याकडे लग्न लागलं की नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरदेव अंगठीने नवं नाव लिहितो. आठवड्याआधी तिचा मला फोन आला.

"काकू, मले नाव नाही बदलवाचं. कागदायवर तेच हाये, अन् मले ते आवडते. ह्यायले सांगतलं, तं म्हणतात माह्या आईले विचार. तुम्ही बोलसान तं आई ऐकतीन."

"तू काळजी नोको करू," मी म्हटलं. "मी आहो ना."

फोन ठेवल्यावर मला माझंच कौतुक वाटलं. माझंही नाव असंच बदललं होतं. तेव्हा माझ्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं, हिच्या बाजूने मी होते.

लग्न लागलं, वरात घरी आली, पूजा मांडली. ताटात घरच्या धानाचे तांदूळ. नाव कोणतं ठेवायचं यावर बायकांचा नुसता कालवा. पुतण्याच्या आत्याने सुचवलेल्या नावाच्या दोघी गल्लीतच होत्या. शेवटी जाऊबाई, नवरदेवाची आई, माझ्याकडे वळल्या.

"तूच सांग बाई. घरात शिकलेली तूच. तुह्यासारखं नाव कोणाले सुचते?"

नवरीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. 'तिचं आहे तेच राहू द्या', एवढंच म्हणायचं होतं. पण मी हरभऱ्याच्या झाडावर चढले होते. तोंडून निघालं ते एक छानसं चार अक्षरी नाव. बायका वा वा म्हणाल्या. पुतण्याने लिहिताना वेलांटी चुकवली, तीही मीच सुधारून दिली. नवरीने मान खाली घातली.

मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पंगत बसेपर्यंत वाटत होती. मग वाढण्याच्या गडबडीत तेही राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांचा चहा उकळत होता आणि मला दूध सापडेना. मी तिला नव्या नावाने हाक मारली. त्या नावाने तिला घरात कोणी मारलेली ती पहिलीच हाक. ती पलीकडच्याच खोलीत होती, पण ओ आली नाही. सवय तर व्हायला हवी, म्हणून मी पुन्हा हाक मारली, जरा दरडावून.

"आली काकू," ती म्हणाली.