निघालेली चिठ्ठी

आमची सासू अनुसयाबाई कोणतीच बैठक अर्धी सोडत न्हाई. लग्नाला गेली तरी शेवटची पंगत उठेपर्यंत बसते. लोक हसतात. हसू द्या, त्यांना काय ठाऊक.

दोन हजार दोनची गोष्ट. सिद्धेश्वरचं धरण तांड्यावरून डोळ्यांना दिसायचं, अन् आमी हंडे घेऊन रोज टेकडी चढून-उतरून राहिलो होतो. गावात नळयोजना आली. पयला नळ कोणत्या वस्तीत, हे पाणी समितीचा अध्यक्ष ठरवणार होता. मेंबर नऊ: गावठाणाचे तीन, मोहल्ल्याचे तीन, तांड्याचे तीन. गावठाणातून किसनराव उभे, मोहल्ल्यातून अय्याजभाई, अन् तांड्यातून आमची सासू.

ज्यानं त्यानं आपल्याच माणसाला मत दिलं. तीन, तीन, तीन. घ्या आता!

बहुमत कुणालाच न्हाई. औंढ्याहून आलेल्या साहेबानं तीन चिठ्ठ्या पितळी गडव्यात टाकल्या, कागदावरचा नियम तोंडातल्या तोंडात वाचला अन् एक चिठ्ठी काढली. नाव निघालं अनुसयाबाईचं.

चिठ्ठीत ज्याचं नाव निघालं त्यालाच लागली, हे आमाला लहानपणापासून पाठ. आमी दारातूनच गुलाल उधळला. मी आत घुसून सासूच्या तोंडात साखर कोंबली. साहेब हात वर करून उभाच होता.

"निघालेलं नाव बाद असतं, बाई," तो म्हणाला. "आता उरलेल्या दोघांत..."

 सासूच्या तोंडात साखर तशीच, तिला गिळवेना की थुंकवेना. निघालेलं नाव हरतं, हा कुण्या मुलखातला कायदा? साहेब पुढं सांगतच होता, पण ऐकतं कोण! सासू गुलालासकट उठली, गुलाबसिंग अन् सखुबाई या आपल्या दोन मेंबरांना घेऊन तडक बाहेर. सगळ्यात मोठ्यानं शिव्या मीच दिल्या, खोटं काहून बोलू.

टेकडीच्या पायथ्याशी साहेबाची जीप आमच्याजवळ थांबली. आत पुन्हा मतं पडली होती, तीन अन् तीन. पुन्हा चिठ्ठी काढली, किसनराव निघाले, अन् या खेपेला निघालेला जिंकला होता. तीन नावं असली की निघालेलं बाद, दोनच उरली की निघालेलं जिंकतं, असा तो कागदावरचा नियम.



"बाई, थांबायचं होतं," साहेब म्हणाला. "तुमची तीन मतं ज्याला, तोच अध्यक्ष होणार होता. पहिला नळ तांड्याला, असं दोघंही लिहून द्यायला तयार होते."

सासू तिथंच धुळीत बसली. मला तर धड रडूही येईना. साहेबाचं उरलेलं अर्धं वाक्य ऐकलं असतं, फक्त अर्धं!

तांड्याला नळ आला सहा वर्षांनी. ती सहा वर्षं सासूनं मला हंडा उचलू दिला न्हाई. मी भांडले, हंडे लपवले, शिव्या तर मीच दिल्या होत्या म्हणाले.  माझ्या वाट्याची खेपसुद्धा तीच करायची.