वाळवणखोलीतले भावजी

माझे धाकटे दीर, म्हणजे भावजी, जन्मभर एकच काम करत आले. ओल्या कॅप्सूल वाळवायच्या. औषधाच्या त्या मऊ, चकचकीत कॅप्सूल असतात ना, आत तेल भरलेल्या, उजेडात धरल्या की मधाच्या थेंबासारख्या दिसणाऱ्या, त्या. कारखान्यात भावजींना सगळे ‘वाळवण’ म्हणूनच हाक मारायचे. राग आला की मीही म्हणायची. ते कधी चिडले नाहीत. चिडायला अंगात थोडा ओलावा लागतो, आणि यांचा होता नव्हता तो त्या खोलीने शोषून घेतला होता. ओठ कायम फुटलेले, हात खरखरीत, आणि अंगाला माशाच्या तेलाचा वास. माझी धाकटी जाऊ लग्नानंतर आठवड्याच्या आत मला म्हणाली होती, “ताई, मला वाटलं माझं लग्न माणसाशी लागलंय. हे तर कोळणीची टोपली निघाले.”

मला त्या कामातलं काय कळणार? पण जेवताना ते सांगायचे आणि मी ऐकायची, म्हणून थोडं डोक्यात राहिलं. जिलेटिनचे दाणे पाण्यात नि ग्लिसरीनमध्ये शिजवून दाट रस करायचा. त्याच्या लांबच लांब पट्ट्या काढायच्या, ओल्या रबरासारख्या. अशा दोन पट्ट्या दोन रुळांच्या मधून येतात, त्यांच्यात औषधाचा थेंब पडतो, रूळ दोन्ही पट्ट्या दाबून चिकटवतात, की कॅप्सूल टपकन खाली. मागे उरते नुसती भोकाभोकांची जाळी. पण ही नवी कॅप्सूल अगदी लिबलिबीत असते. तिला फिरत्या पिंपात घोळवायची, मग ट्रेमध्ये पसरून वाळवणखोलीत ठेवायची. तिथे यंत्रातून गार, कोरडी हवा सोडलेली. वाळली की नाही ते सांगायलाही यंत्र होतं, पण भावजी आधी दोन बोटांत धरून दाबणार. मऊ लागली की ट्रे परत आत.

“मऊ राहिली की चिकटते वहिनी, आणि चिकटली की फुटते. एक फुटली की सगळा ट्रे गेला.”

“बरं बाई,” मी म्हणायची. “आता जेवा. भात वाळतोय.”

ही दाबून बघायची सवय घरातही आली. टोमॅटो दाबणार, पाव दाबणार, उशी दाबणार. मुलगी बघायला गेलो तेव्हा मी दारातच बजावलं होतं, “तिला दाबून बघू नका हं.” तिच्या आईने ते ऐकलं आणि बिचारी गोरीमोरी झाली. मला सगळी हकीकत सांगावी लागली. मग आतल्या खोलीतून हसू आलं. ते धाकटीचं. लग्न तिथेच ठरलं म्हणा ना.

त्यांना मूलबाळ झालं नाही. माझे यजमान गेल्यावर मी वरच्या दोन खोल्यांत आणि ती दोघं खालच्या दोन खोल्यांत असे राहायचो. स्वयंपाक एकच, खाली. धाकटी शिवणकाम करायची, तोंडात टाचण्या धरून बोलायची आणि तरी तिचा एकेक टोमणा लख्ख कळायचा.

मग तिच्या पायांना सूज यायला लागली. चेहरा सुजला. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्या. नवी बसवावी लागेल. भावजींनी मागचा पुढचा विचार केला नाही. “माझी जुळते का बघा,” म्हणाले. जुळली. धाकटी म्हणाली, “तेलकट असेल तुमची,” आणि मग भिंतीकडे तोंड करून रडली.

शस्त्रक्रिया नीट झाली. तिच्या चेहऱ्याची सूज उतरली, पायांत पुन्हा चपला बसायला लागल्या. फक्त एक होतं. डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवून सांगितलं की शरीराला दुसऱ्याची किडनी परकी वाटते, ते तिला हाकलायला बघतं. त्याला आवरून धरायला रोज सकाळ-संध्याकाळ ही औषधं. औषध बंद, तर किडनी गेलीच म्हणून समजा. त्यांनी पाकिटं पुढे ठेवली. त्यातलं मुख्य औषध म्हणजे राखी रंगाच्या मऊ कॅप्सूल.

भावजींचा चेहरा उजळला. एवढं सगळं इंग्रजी नि आकडे यांच्यात त्यांना एक ओळखीचं माणूस भेटलं जणू.

“पाकिटातून काढली की लगेच घ्यायची,” बाई म्हणाल्या. “आधी काढून ठेवायची नाही.”

“हो, हो,” भावजी म्हणाले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “ते ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी असतं गं, वहिनी.”

काही महिने छान गेले. मग हवा बदलली. दमट, चिकट हवा. मीठ डब्यात गोळा व्हायला लागलं, कपाटातल्या कपड्यांना वास यायला लागला. एका सकाळी धाकटीने पाकीट फोडलं तर त्यातली एक कॅप्सूल फुटलेली, सगळीकडे तेल आणि उग्र वास. भावजींनी बाकीच्या एकेक काढून बोटांत दाबल्या.

“बघ, लोण्यासारख्या झाल्यात. अशा पोटात घालायच्या?”

“दुकानात नेऊन बदलून आणा,” मी म्हटलं.

“दुकानदाराला काय कळतंय? सगळीकडे हीच हवा आहे.”

कारखान्यासारखी गार कोरडी हवा घरात कुठून आणणार? त्यांनी शोधून काढलं. शेगडीच्या वर भांड्यांची फळी होती. तिला मंद ऊब लागायची. एका ताटलीत स्वच्छ कापड अंथरून त्यांनी पाकिटातल्या सगळ्या कॅप्सूल काढून ओळीने मांडल्या. कामावरून आले की हात धुऊन आधी त्या उलटायच्या. खाली माझा स्वयंपाक, वर यांचं औषध. मी हसायची, “भावजी, मिठाची चव बघू का एकीची?” दोन-तीन दिवसांत कॅप्सूल कडक झाल्या. त्यांनी दाबून बघितल्या, मान हलवली आणि डब्यात भरल्या. तेव्हापासून प्रत्येक पाकिटाचं तेच.

धाकटीने कधी विचारलं नाही. का विचारेल? ज्याच्या बोटांखालून एवढ्या कॅप्सूल गेल्या, त्याच्या हातची कॅप्सूल. ती तोंड उघडायची, ते ठेवायचे, ती पाणी प्यायची. “आता तर अगदी खडा गिळल्यासारखं वाटतं,” ती म्हणायची. “म्हणजे चांगली वाळली,” ते म्हणायचे.

पुढच्या रक्ततपासणीत औषध कमी दिसलं. डॉक्टरीणबाईंनी औषध वाढवलं. त्याच्या पुढच्या वेळी आणखी कमी. बाईंनी चष्मा काढला आणि धाकटीला सरळ विचारलं, “गोळ्या चुकवताय का?”

“नाही हो.”

“खरं सांगा. काही जण कंटाळतात. त्यात लाज वाटायचं काही नाही.”

“मी चुकवत नाही,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

भावजी तिच्याकडे बघत होते. घरी आल्यावर म्हणाले, “अगं, मी कामावर असताना संध्याकाळची घेतेस ना?”

“म्हणजे तुम्हालाही वाटतंय?”

“मी नुसतं विचारतोय.”

“विचारू नका.”

त्या दिवसापासून संध्याकाळची गोळी मी द्यायला लागले. ती माझ्यासमोर घ्यायची आणि नंतर तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची, लहान मुलीसारखी. मला ते बघवायचं नाही. “पुरे गं,” मी म्हणायची. ती म्हणायची, “बघून ठेवा ताई. उद्या मीच म्हणेन की घेतली नाही. मला आता माझाच भरवसा वाटत नाही.” तिला खरंच तसं वाटायला लागलं होतं. रिकामा डबा हातात घेऊन ती बसायची आणि आठवत राहायची.

भावजींनी काय केलं? त्यांनी कॅप्सूल आणखी दोन दिवस जास्त ठेवायला सुरुवात केली.

मग सूज परत आली. ताप आला. ती अंथरुणाला खिळली आणि तिचं शौचाचं भांडं मी रिकामं करायला लागले. एका सकाळी भांड्यात मला ती दिसली. राखी रंगाची कॅप्सूल, थोडी फुगलेली, पण जशीच्या तशी, कुठे चीर नाही. तिच्या शेजारी दुसरी. मला काही कळलं नाही. मला वाटलं पोट बिघडलंय. काडीने बाजूला काढून, धुऊन, कागदावर ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. भावजी चहा पीत होते.

“भावजी, हे बघा. तुमचं वाळवण परत आलं.”

मी गमतीने म्हटलं. अजून तो आवाज माझ्या कानात आहे.

त्यांनी कॅप्सूल हातात घेतली. दाबली. पुन्हा दाबली. मग उठले, काचेच्या ग्लासात कोमट पाणी घेतलं, बोट बुडवून बघितलं, आणि डब्यातली एक नवी, नीट वाळलेली कॅप्सूल त्यात सोडली.

“काय करताय?”

“आमच्याकडे असं बघतात. अंगाइतक्या गरम पाण्यात. ती फुटायला पाहिजे.”

आम्ही दोघं ग्लासाकडे बघत बसलो. कॅप्सूल तळाशी जाऊन पडली. ते पाणी बदलून पुन्हा कोमट करायचे. बाहेर कोणीतरी भंगार मागत गेलं. आतून धाकटीने विचारलं, “अहो, आज कामावर नाही गेलात?” मग न फोडलेल्या पाकिटातली एक काढून त्यांनी दुसऱ्या ग्लासात टाकली. ती हळूहळू सैल झाली, तिची कड सुटली, आणि तेलाचा एक थेंब वर आला.

त्यांच्या वाळवलेल्या कॅप्सूलला काही झालं नाही.

“शिजलं,” ते म्हणाले. “उबेने कवच शिजलं. पोटात विरघळलंच नाही, वहिनी. तिला औषध मिळालंच नाही.”

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

“गरम करायचं नसतं एवढं माहीत होतं. पण हे गरम कुठे होतं गं? हात ठेवला तर नुसतं कोमट.”

ते तसेच घरच्या कपड्यांत दवाखान्यात गेले. मी बरोबर गेले, शेजारणीला धाकटीपाशी बसवून. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या की आता उशीर झालाय, किडनी वाचायची नाही, यंत्रावर रक्त धुवावं लागेल. दुसरी मिळेल का ते सांगता येत नाही, तिचं शरीर आता आणखी सावध झालंय.

“माझी एक आहे अजून,” भावजी म्हणाले. “ती घ्या.”

बाईंनी विचारलं, “मग तुम्ही कशावर जगणार?”

“ते मी बघतो.”

“असं चालत नाही हो,” त्या अगदी हळू म्हणाल्या, आणि पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

मी म्हटलं होतं की धाकटीला मी सांगते. ते नाही म्हणाले. पलंगाच्या काठावर बसून त्यांनी तिला सगळं सांगितलं, पहिल्या ताटलीपासून. मी दारात उभी होते. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

“म्हणजे मी चुकवत नव्हते,” ती म्हणाली.

“नाही.”

“एकदाही नाही?”

“एकदाही नाही.”

तिने डोळे मिटून श्वास सोडला. तिला केवढं बरं वाटलं होतं, ते मला दिसलं. भावजींनाही दिसलं. मला वाटतं, त्यापेक्षा तिने त्यांना मारलं असतं तर त्यांना सोसलं असतं.

पुढे ती वर्षभर होती. आठवड्यातून तीनदा यंत्रावर. भावजींनी साहेबांना सांगून काम बदलून घेतलं. गोणी उतरवायला लागले. साहेब म्हणाले, “अरे वाळवण, तुझ्याशिवाय त्या खोलीत कोण बघणार?” हे म्हणाले, “कोणीही बघेल.”

दोघं भांडली नाहीत. ती त्यांच्याशी बोलायची, टोमणेही मारायची, गोण्या उचलून पाठ वाकली तर “आता तुम्हाला दाबून बघायला पाहिजे” म्हणायची. फक्त एक व्हायचं. त्यांच्या हातून ती काही घेत नसे. औषध तर नाहीच, पण पाणी नाही, बिस्किट नाही. एकदा मी तिला रागावले. म्हटलं, “किती दिवस धरून बसणार आहेस? त्यांनी तुझ्यासाठी अंग कापून दिलं.”

“धरून नाही बसले हो ताई,” ती म्हणाली. “राग नाही माझा. त्यांचा हात पुढे आला की माझं तोंडच उघडत नाही. मी काय करू?”

भावजी रोज कामावरून आले की तिच्यासाठी पेज करायचे. मीठ कमी, तिला चालेल तेवढंच, मऊ शिजवलेली. वाटीत काढून, फुंकर घालून, चमचा ठेवून ते दारापर्यंत यायचे आणि वाटी माझ्या हातात द्यायचे. मी आत जाऊन तिला भरवायची. ते बाहेर उभे राहून विचारायचे, “घेतली?”

“घेतली,” मी सांगायची.

शेवटी शेवटी ती घेत नसे. तरीही मी तेच सांगायची.