गोदामावशींची लेक

गोदामावशींच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, दातांचे वण होते. बारामतीत मेंदूचे आजार असलेल्या मुलांची एक लहानशी शाळा आहे, तिथे त्या मदतनीस होत्या. कुणी हातांकडे बघत राहिलं की म्हणायच्या, "बघताय काय? लेकरांनी सह्या केल्यात."

माझी सई मेंदूज्वरातून वाचली, पण मागे फिट्स राहिल्या आणि राग राहिला. पंखा बंद झाला, ताट बदललं, एवढंही पुरायचं. भिंतीवर डोकं आपटायची, केस धरून मला खाली पाडायची. शाळेत पहिल्याच दिवशी तिनं स्टीलचा पेला मावशींच्या तोंडावर मारला. पुढचा दात तुटला. मावशींनी पदरानं रक्त पुसलं, तिला मागून कवेत घेतलं आणि लाथा खात भिंतीला टेकून बसून राहिल्या. ती सैल पडल्यावर म्हणाल्या, "मारणारं पोर आधी भ्यालेलं असतं, ताई."

त्यांचं माहेर मेंढरांचं. "बुजलेल्या मेंढीला काठी दावली तर ती हिरीत उडी घेती," हे त्या पालकांना हटकून सांगायच्या. मलाही सांगितलं होतं. तरी एका दुपारी सईनं पाळण्यातल्या तिच्या बहिणीचा गळा धरला आणि मी लाटण्यानं तिला झोडपलं. ती निपचित पडल्यावरच थांबले.

दुसऱ्या दिवशी शाळेत फ्रॉक बदलताना मावशींना तिच्या पाठीवरचे वळ दिसले. त्यांनी मला आत घेऊन दार लावून घेतलं.

"कुणी?"

"मी."

मला वाटलं, आता हाकलतील. त्या खाली बसल्या. "माझ्या लेकीला बी आकडी यायची. घर फोडायची. लोक म्हनले, अंगात आलंय, हाणून काढा. मी दाव्यानं बांधून हाणली. दवाखान्यात कुणी न्हेलीच न्हाय. ती गेली, तवा आंगूळ घालताना माझेच वळ मोजले मी."

मग उठून त्यांनी सईच्या पाठीला हळद लावली, आणि मला त्याच दिवशी डॉक्टरांकडे धाडलं. औषधं बदलली. सईचा राग ओसरला, गेला नाही. लाटण्याला मात्र मी पुन्हा तसा हात घातला नाही.

पुढे मावशी इंदापूरला मुलाकडे गेल्या. यंदा वारल्याचं कळलं तेव्हा मी सईला घेऊन गेले. बोलता बोलता त्यांच्या लेकीचा विषय निघाला, तशी सून चमकली.

"सासूबाईंना लेक व्हती?"

"होती."

"नाव काय तिचं?"

त्या दिवशी दार लावून मावशींनी सगळं सांगितलं, आणि मी नाव विचारलंच नव्हतं.