चालता न येणाऱ्यांची यादी

दोन हजार पाच साली भिवंडीत पाणी शिरलं, ओसरलं, आणि मग सरकारला गावोगावचे पूरनियोजनाचे आराखडे हवेसे वाटू लागले. आमचं गाव खारबावच्या बाजूला, खाडीला लागून. तिथल्या शाळेत मी बाई होते आणि राहायलाही गावातच, माहेरी. बाबांची उजवी बाजू लकव्याने गेली होती आणि त्यांना बघणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं. सरकारला काही हवं झालं की ते आधी शिक्षकाचं घर शोधतं. जनगणना आमची, पोलिओचे डोस आमचे, मतदारयाद्या आमच्या. आता पूरही आमचा झाला.

फॉर्म बारा पानी होता. गावात एक समिती नेमायची आणि तिने तो भरायचा. समिती माझ्याच चौथीच्या वर्गात, पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसली. पहिल्या पानावर ‘पूर येण्याची कारणे’ असा रकाना होता. कारण गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. खाडीकडे जाणारा नाला भराव घालून बुजवला होता आणि त्यावर लांबलचक गोदाम उभं होतं. पण ते गोदाम ज्यांचं, तेच समितीचे अध्यक्ष. ग्रामसेवक पेनाचं टोपण चावत छताकडे बघत राहिले. शेवटी अध्यक्षच म्हणाले, “लिवा, पानी वरून येतं.” ग्रामसेवकांनी सुवाच्य अक्षरात ‘नैसर्गिक’ असं लिहिलं आणि सगळ्यांनी हुश्श करून चहा मागवला.

माझ्या वाट्याला आली ती यादी. पूर आला तर स्वतःच्या पायांनी बाहेर पडू न शकणाऱ्या माणसांची. गावच्या तरुण मंडळाचे चार जण ती यादी हातात घेऊन घरोघर जाणार आणि माणसं उचलून शाळेत आणणार, कारण शाळा उंचावर आहे. कल्पना उत्तम होती. मी मनातल्या मनात मोजलं, आमचं घर सोडलं तर खरोखर अंथरुणाला खिळलेली अशी गावात नऊ माणसं होती.

पण आमच्या गावात सरकारी यादी निघाली आणि तिच्यामागून काही वाटप झालं नाही, असं कधी घडलंय? घोंगडी असेल, रॉकेल असेल, नाहीतर शिवणयंत्र असेल. यादीत नाव असलेलं बरं. तिसऱ्या दिवसापासून माझ्या दारात रांग लागली आणि रांगेत उभं राहून लोक मला सांगू लागले की त्यांना उभं राहता येत नाही. एक गृहस्थ सायकलवरून आले, सायकल भिंतीला टेकवली, आणि दारापासून माझ्या टेबलापर्यंत लंगडले. एका बाईंनी आपल्या तिन्ही सुनांची नावं दिली. मी विचारलं, तिघींना झालंय तरी काय? तर म्हणाल्या, “त्यांना कामाला उटवत न्हाय.” मी नावं लिहीत गेले. नाही म्हणाले असते तर शाळेच्या नळाचं पाणी बंद झालं असतं, आणि शाळेच्या नळाशी भांडायची माझी हिंमत नव्हती.

नऊची यादी त्रेपन्नावर गेली. मग क्रमाचा प्रश्न आला. माझ्या अडाणी डोक्याला वाटलं होतं, ज्याची अवस्था वाईट आणि घर खोलगट त्याचं नाव वर. समितीत मी हे बोलून दाखवल्यावर सगळे माझ्याकडे कीव आल्यासारखे बघू लागले. गावात पालखीपुढे कोण चालणार, हळदीचं पहिलं ताट कुणाला, हे जिथे ठरलेलं असतं, तिथे पुरातून आधी कोणाला उचलायचं हे काय कोणी बाई ठरवणार? क्रमांक एकवर अध्यक्ष. त्यांना गुडघे होते. क्रमांक दोनवर त्यांचे मेहुणे, जे रोज पहाटे स्टेशनपर्यंत चालून परत येत. खरे नऊ जण कुठेतरी तिशीच्या पुढे गेले. भाडेकरू तर यादीत आलेच नाहीत, त्यांचं मत इथे नव्हतं. आमच्या मागच्या खोलीत यूपीचा एक लूमवाला बायको आणि दोन मुलींना घेऊन राहायचा, भिवंडीत यंत्रमागावर रात्रपाळी करायचा. त्याने मला काही विचारलं नाही आणि मीही त्याला काही सांगितलं नाही.

यादी मी घरी आणून दोन संध्याकाळी बसून स्वच्छ उतरवली. बाबा खाटेवरून बघत होते. तरुणपणी खाडीत डुबी मारून रेती काढणारा माणूस, पण आता कूस बदलायची तरी मला हाक मारावी लागे.

“माजा नाव लिवलास का गो?”

मी म्हटलं, नाही. बाकी सगळ्या गावाने लाज सोडली होती, निदान यादी लिहिणाऱ्या बाईने तरी आपल्या घरचं नाव घालू नये, असं मला वाटत होतं. शिवाय बाबांना कोण ओळखत नाही? वेळ आली तर कोणीही उचलून आणेल.

“मी तर खराखुरा लंगरा हाय,” बाबा म्हणाले. “सगला गाव खोटा चढला आनि खऱ्याला तू उतरवलास.”

मी हसले. खरं सांगायचं तर मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटला होता. चव्वेचाळीस लबाडांच्या गावात एक मी सरळ, असं काहीतरी डोक्यात होतं.

उन्हाळ्यात रंगीत तालीम झाली. तालुक्याहून साहेब आले. कोरड्या ठणठणीत रस्त्यावरून अध्यक्षांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी शाळेत आणलं. वाटेत त्यांच्या गळ्यात हार पडला. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि गाव सज्ज असल्याचा शेरा मारला.

पाणी आलं ते पुढच्या पावसाळ्यात, भर दुपारी. तीन दिवस कोसळत होतं आणि त्यात खाडीला उधाण आलं. बुजवलेल्या नाल्यापाशी अडलेलं पाणी मागे फिरलं आणि वस्तीत घुसलं. मी शाळेत होते. साठ-सत्तर पोरं वर्गात कोंडलेली आणि आम्ही दोघीच बाई, त्यांना सोडून निघणं शक्य नव्हतं. हातात यादी होती, येईल त्याच्या नावापुढे खूण करायची होती. मंडळाचे चौघे यादीची दुसरी प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेएवढ्या पाण्यात उतरले, आणि ठरल्याप्रमाणे क्रमांक एककडे गेले.

अध्यक्षांचं घर दोन मजली, पक्कं. ते वरच्या मजल्यावर सुखरूप होते. चौघांनी खालून ओरडून सांगितलं, तुम्ही वरच थांबा, आम्ही पुढे जातो. अध्यक्षांना ते लागलं. “एक नंबर मी हाय. मना सोरून दोन नंबर कसा उचलाल?” असं म्हणत ते जिना उतरून आले. स्वतःच्या पायांनी. पाण्यात खुर्ची धरून ठेवली होती, तिच्यात बसले आणि शाळेत आले. मी त्यांच्या नावापुढे खूण केली. त्यानंतर मेहुणे आले. मग उपसरपंच. प्रत्येक खेपेला पाणी वाढत होतं, आणि प्रत्येक खेपेला मी दाराकडे बघत होते की आता बाबा दिसतील.

सहाव्या खेपेला मी त्या चौघांतल्या एकाचा हातच धरला. तो आमच्या गल्लीतला, बाबांच्या मांडीवर खेळलेला. विचारलं, आमच्या बाबांना कधी आणताय?

त्याने ओल्या बोटाने यादी वरपासून खालपर्यंत बघितली. “बाई, तुमचे घरचा नाव न्हाय. आमाला वाटला तुमी सोय केली असंल.”

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण यादी माझ्याच अक्षरातली होती. पोरं दुसऱ्या बाईंच्या स्वाधीन केली आणि मी पाण्यात उतरले. गल्लीच्या तोंडाशीच पाणी छातीला लागलं. पुढे ओढ होती. विजेच्या खांबाला धरून मी बाबांना हाका मारत राहिले आणि पुढे जाऊ शकले नाही. उधाण ओसरेपर्यंत, म्हणजे चांगले दोन तास, मी आमच्या घरापासून तीस पावलांवर उभी होते. त्या दोन तासांत मी बाबांना मेलेलं धरलं होतं.

घरात शिरले तर खाट पाण्यावर तरंगून दाराला अडकली होती, रिकामी. वर माळ्यावरून कोणीतरी खोकलं. लूमवाला रात्रपाळी करून झोपला होता, अंथरुण भिजल्यावर जागा झाला. मधली फळकुटाची भिंत लाथेने मोडून तो आत आला आणि बाबांना पाठीला लुंगीने बांधून शिडीने माळ्यावर चढला. वर त्याची बायको, मुली, तो आणि बाबा, सगळे आमच्या जुन्या मडक्यांच्या मध्ये दाटीने बसले होते. मी शिडीखाली उभी राहून मोठ्याने रडायला लागले.

“आदी मना खाली उतरव,” बाबा म्हणाले, “मंग रड.”

यादीतल्या खऱ्या नऊ जणांना ज्याच्या त्याच्या घरच्यांनीच माळ्यावर चढवलं होतं, आणि गावात कोणी दगावलं नाही. त्यामुळे आराखडा यशस्वी ठरला. पंधरा ऑगस्टला अध्यक्षांनी भाषण केलं आणि त्यात माझं नाव घेतलं. बाईंनी स्वतःच्या आजारी वडिलांचं नावही यादीत घातलं नाही, असा निःस्वार्थीपणा आजकाल कुठे बघायला मिळतो, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. शाल आणि नारळ मिळाला. मी पुढे गेले, वाकले आणि घेतला. नको म्हणायला तोंड उघडलं असतं तर सगळंच बोलावं लागलं असतं. लूमवाला त्या वेळी कुंपणापलीकडे मुलींना झेंडा दाखवत उभा होता, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

पुढल्या साली यादी सुधारायला आली, तेव्हा मी बाबांचं नाव सगळ्यांच्या वर लिहिलं, समितीशी कडकडून भांडले आणि ते तिथेच ठेवलं. घरी येऊन त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

मग जून लागायच्या आधी एका सकाळी मी त्यांना पेज भरवत असताना लूमवाला ड्युटीवरून परतला. बाबांनी त्याला दारातूनच हाक मारली. तो आत येऊन खाटेपाशी बसला. बाबांनी चालणाऱ्या डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि त्यांना येत होती तेवढ्या हिंदीत सांगितलं, “पानी आयेगा तो तू आनेका. इसको पूछनेका नाय.”

“हां चाचा,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता उठून गेला. बाबांनी पुढच्या घासासाठी तोंड उघडलं, आणि मी चमचा पुढे केला.