बापाच्या बंदुकीला दुसरा जोड

कोर्तेसपेरा गावच्या माणसांना गर्व नाही असं कुणाला वाटत असेल, तर त्याने एकदा आमच्याकडे कॉफीला येऊन बसावं. इथे ज्याच्या त्याच्या गायीचं दूध साऱ्या ओस्त्रोबोथ्निया प्रांतात सगळ्यात दाट असतं. सायमा ओयानपेरा या मातीतलीच. जुन्या लष्करी बंदुकांचे लाकडी दस्ते दुरुस्त करायची. नवरा तोइवो लोखंडाचं बघायचा, ही लाकडाचं. तोइवो गेला, लोखंडाचं काम थांबलं, लाकडाचं चालू राहिलं. लापुआपासून वासापर्यंत कुणाच्या आजोबाची बंदूक तडकली की तो माणूस सायमाच्या दारात उभा. बर्चचं लाकूड कुठल्या कारखान्यात घडलंय ते तिला नुसता हात फिरवून कळायचं, आणि ही गोष्ट ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. दुसऱ्याने आपलं कौतुक करावं म्हणून ताटकळत बसणारी बाई ती नव्हे.

पण एका माणसाने कौतुक करावं असं तिला फार वाटायचं, आणि तोच करत नव्हता. तिचा थोरला भाऊ उर्हो.

"सायमाची खरवड," असं म्हणायचा तो तिच्या कामाला, तेही चारचौघांत. "नेम धरायला छाती लागते. खरवडायला काय, रिकामा वेळ लागतो."

ती त्याला जागच्या जागी उत्तर द्यायची, पण घरी आल्यावर दिवसभर पटाशी हातात धरवायची नाही. लागायचं ते.

त्यांच्या बापाची बंदूक उर्होकडे होती. दर जुलैत गावात जुन्या बंदुकांची नेमबाजी असते, आणि पहिली गोळी त्याच बंदुकीची सुटते. आधी बापाने सोडली, मग उर्होने. एकही वर्ष चुकलं नव्हतं. नियम मात्र कडक: बंदुकीचा प्रत्येक भाग जुन्या काळचाच हवा. नवं लाकूड बसवलंत की तुम्ही बाजूला उभं राहून सॉसेज खायचं.

त्या वसंतात उर्होला वाटलं, दस्ता तेल पिऊन काळा पडलाय, त्याचा जरा घाम काढावा. आमच्याकडे सर्दीला सौना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी मारून वाफ घ्यायची खोली, कंबरदुखीला सौना, नवराबायकोच्या भांडणालाही सौना. मग लाकडाला का नाही? याने दस्ता सोडवला आणि नेऊन ठेवला सौनाच्या वरच्या फळीवर. गावाला मात्र सांगितलं, माळ्यावरच्या थंडीने तडा गेला.

सायमाकडे तो घोंगडीत गुंडाळलेला दस्ता घेऊन आला आणि दाराशी ठेवून कॉफी प्यायला बसला. पहिला कप संपला, दुसरा संपला, तरी मदत कर असं काही त्याच्या तोंडून निघेना. शेवटी तिनेच घोंगडी उलगडली.

या बंदुकांचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो, हाताच्या बोटांत बोटं गुंतवावीत तसा मधे जोडलेला. त्या जोडाचा सरस वितळून गेला होता, आणि पुढचं लाकूड टोकाकडून अर्ध्यापर्यंत उभं फाटलं होतं.

"किती तापवला होतास?" तिने विचारलं.

"काय?"

"सौना, उर्हो. किती?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "नव्वद."

"आणि वर पाणी?"

"दोनच पळ्या."

"बरं झालं, आपण अंग झोडपतो तसा बर्चच्या डहाळीने झोडपला नाहीस."

त्यावर उर्हो टोपी घालून उठला आणि दाराशी थांबून म्हणाला, "जुलैपर्यंत होईल?" मागणं म्हणून त्याच्याकडून एवढंच आलं.

जुनं पुढचं लाकूड मिळणं म्हणजे मोठी पंचाईत. लढाईनंतर लष्कराकडून असले तुकडे जळण म्हणून विकले गेले, आणि आमच्या लोकांनी ते चुलीत घालायच्या आधी दुसरं काहीतरी करून ठेवलं. सायमा घरोघर फिरली. कुणाकडे कुंपणाला ठोकलेला सापडला, कुजलेला. कुणाकडे दाराचा अडसर झालेला, मधोमध भोक पाडलेला. शेवटी लेम्पी हाउतामाकीच्या खुराड्यात तिने वर पाहिलं, तर कोंबड्या रांगेने ज्या दांड्यावर बसल्या होत्या त्याला खालून बंदुकीच्या नळीची खाच.

"तो दांडा मला दे, लेम्पी."

"अगं, त्याच्यावरून उतरल्या तर अंडी द्यायच्या नाहीत त्या."

"मी नवा करून देते, त्याहून चांगला."

"कोंबड्यांना तुझं नाव माहीत नाही ना, सायमा."

नवा दांडा बसला आणि कोंबड्या खरंच रुसल्या. लेम्पी अजून बोलून दाखवते.

तुकडा कोरडा होता, सरळ होता, पण जोडाकडची बोटं कुणीतरी कापून टाकलेली, त्यामुळे आखूड पडत होता. सायमाने बापाचं फाटलेलं लाकूड पुन्हा पुन्हा चाचपलं. जोडाजवळचा भाग अजून धड होता. तेवढा ठेवायचा, फाटलेला कापायचा, आणि तिथे कोंबड्यांचा दांडा गुंतवायचा. म्हणजे बापाच्या लाकडावर करवत चालवायची. तिने पेन्सिलने रेघ ओढली, करवत रेघेवर ठेवली. मग तिने चालवली.

पुढचं सगळं काम काजळीचं. नळीला दिव्याची काजळी फासायची, लाकडात बसवायची, उचलायची. लाकडावर जिथे काळा डाग उठेल तेवढंच खरवडायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. नळी कुठे दाबली गेली तर गोळी भरकटते. सायमाची नखं महिनाभर काळी होती आणि ती तशीच चर्चला गेली. जोड डांबर चोपडून लपवता आला असता. तिने नुसतं जवसाचं तेल लावलं. चांगलं काम कशाला लपवायचं?

जुलैत मैदानावर सेइनायोकीहून आलेला तपासनीस बंदूक उलटीपालटी करून बघू लागला. मागे अख्खं गाव उभं.

"दोन जोड? या बंदुकीला एकच असतो."

"दुसरा माझा आहे," सायमा म्हणाली.

त्याने लाकूड नीट तपासलं. सगळं जुनंच होतं. "नियमात बसतंय. पण असं खरवडून चिकटवलेलं लाकूड नळी धरील का?"

"खरवडून?" उर्होने बंदूक त्याच्या हातातून काढून घेतली. "तोंड सांभाळून बोल. माझ्या बहिणीने बांधलंय ते. असं काम करणारा माणूस तुझ्या सेइनायोकीत नाही. सौनात घालून फोडलं मी. मूर्ख मी. तिने बापाची बंदूक परत उभी केली."

माळ्यावरच्या थंडीवर सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. उर्हो आडवा झाला, डावा हात सरकवून बरोब्बर तिच्या जोडाखाली धरला, आणि पहिली गोळी सोडली. लक्ष्याजवळच्या माणसाने गोळी कुठे लागली ते दाखवणारी दांडी वर केली: मधोमध.

सायमा रुमालात नाक शिंकरत सॉसेजच्या रांगेत जाऊन उभी राहिली. आणि रांगेतल्या एकेकाला धरून सांगू लागली, "ऐकलंस ना, उर्हो काय म्हणाला ते?"